घणापासून गोल हातोडीपर्यंत : दुसरबीड परिसराच्या संदर्भात कारागिरीतील परिवर्तनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासलेखनात राजवटी, लढाया, करार व चळवळी यांना जे स्थान मिळाले, ते श्रमाच्या साधनांना मिळाले नाही. नांगर, जाते, चरखा यांच्याकडे लोकजीवनाच्या अभ्यासकांचे लक्ष गेले. परंतु कार्यशाळेच्या बाकावर दररोज वापरली जाणारी हातोडी मात्र तंत्रशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकातील एका आकृतीपुरतीच उरली. वास्तविक ज्या साधनाने समाजाचे लोखंडी जग घडविले, त्या साधनाचा आकार का बदलला, ते कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हे प्रश्न सामाजिक इतिहासाचेच प्रश्न होत.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या मार्गावर दुसरबीड हे गाव वसलेले आहे. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा याच मार्गावर आहे. बलुतेदारीतील लोहार, साखर कारखान्यातील फिटर आणि रस्त्याकडेच्या दुकानातील मेकॅनिक अशा लोखंडकामाच्या तीन पिढ्या या परिसराला ठाऊक आहेत. प्रस्तुत निबंधात या तीन पिढ्यांना जोडणारे साधन म्हणून बॉल पीन हातोडीचा, म्हणजे एका टोकाला सपाट व दुसऱ्या टोकाला अर्धगोल असलेल्या हातोडीचा, विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. लोहाराच्या घणाकडून फिटरच्या गोल हातोडीकडे झालेल्या प्रवासाची कारणे शोधणे.
२. कार्यशाळेतील गोल हातोडीचे उपयोग ऐतिहासिक संदर्भात समजून घेणे.
३. या बदलात कारागिराच्या सामाजिक स्थानात काय फरक पडला, याचा विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

शब्द आणि साधन :

मराठीत ठोकण्याच्या साधनांची एक उतरंड आहे : घण, हातोडा आणि हातोडी. डबा-डबी, सुरा-सुरी याप्रमाणे येथेही लहान वस्तूला स्त्रीलिंगी रूप मिळाले आहे. ही केवळ व्याकरणाची बाब नाही. घण दोन्ही हातांनी उचलावा लागतो, हातोडी एका हातात राहते. घणाला जोर लागतो, हातोडीला नेम लागतो. बॉल पीन हातोडी या उतरंडीत सर्वांत शेवटी आली. कार्यशाळेत तिला सरळ 'गोल हातोडी' म्हटले जाते.

या हातोडीची रचना साधी आहे. तिचा तोंडाकडील भाग सपाट, परंतु कडांना किंचित उतार दिलेला असतो. मागील अर्धगोल टोकाला पीन म्हणतात. मधल्या भागात दांड्यासाठी लंबगोल भोक असते व ते दोन्ही बाजूंना थोडे रुंदावत जाते. त्यामुळे दांड्याच्या डोक्यात पाचर ठोकली की लाकूड फाकते व हातोडी निसटत नाही. तोंड व पीन या दोन्ही भागांना पाणी देऊन कठीण केलेले असते. मधला भाग मात्र मुद्दाम मऊ ठेवतात, कारण तो कठीण झाल्यास आघाताने तडकण्याचा धोका असतो. भारतीय मानकांमध्ये पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१ हे स्वतंत्र मानक आहे.

गावगाड्यातील लोहार : घडविण्याचा काळ

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात लोहाराचे स्थान महत्त्वाचे आहे. बलुतेदारांच्या कासांमध्ये लोहाराची गणना सामान्यतः थोरल्या कासेत होत असे. वऱ्हाडातील काळ्या जमिनीत वखराची पास, तिफणीचे फण, नांगराचा फाळ, विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी यांवाचून शेती अशक्य होती. पेरणीपूर्वी पास व फाळ पाजवून घेण्यासाठी लोहाराच्या भात्यापुढे गर्दी होई. मोबदला मात्र रोखीत नव्हे, तर खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे.

या कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. मुख्य कारागीर एका हाताने सांडशीत तापलेले लोखंड धरी व दुसऱ्या हातातील लहान हातोड्याने घाव कोठे हवा ते दाखवी. समोरचा जोडीदार त्या जागी घण घाली. काम थांबवायचे झाल्यास कारागीर ऐरणीवर हातोड्याचा हलका ठोका देई. म्हणजे लहान हातोडा हे येथे मुख्यतः सूचनेचे साधन होते आणि प्रत्यक्ष आकार देण्याचे काम घणाकडे होते. महाराष्ट्रात गावोगाव फिरून लोहारकाम करणाऱ्या घिसाडी समाजात हा घण अनेकदा स्त्रियाच चालवीत आल्या आहेत. पती सांडशी धरतो आणि पत्नी घण घालते, हे दृश्य आठवडी बाजारांना अपरिचित नाही.

लोहाराकडे केवळ बळ होते असे समजणे चुकीचे ठरेल. बैलगाडीच्या लाकडी चाकावर धाव चढविण्याचे उदाहरण घ्यावे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवली जाई. ती आगीत तापवून फुगली की चाकावर बसवून लगेच पाणी मारीत. थंड होताना ती आकसे आणि चाकाचे सर्व सांधे आवळून धरी. उष्णतेने धातू प्रसरण पावतो व थंडीने आकुंचित होतो, हा नियम लोहाराने ग्रंथात वाचला नव्हता. परंतु किती लहान ठेवावे, किती तापवावे आणि पाणी केव्हा मारावे, हे त्याच्या हाताला व डोळ्याला अचूक कळत होते.

गोल तोंडाच्या ठोक्याचे ज्ञानही आपल्याकडे नवे नव्हते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर केले जाणारे मठारकाम प्रसिद्ध आहे. फुगीर व चकचकीत तोंडाच्या हातोड्याने एकाशेजारी एक असे ठोके दिल्यावर भांड्यावर खळग्यांची नक्षी उमटते. ती केवळ शोभेसाठी नसते. ठोक्यांनी तांबे घट्ट व ताठ होते आणि पातळ पत्र्याचे भांडेही टिकाऊ बनते. गोलाकार तोंड धातूला सर्व दिशांना पसरविते व घट्ट करते, हे तत्त्व तांबटाच्या हाताला आधीपासून ठाऊक होते.

१८५३ नंतर : रिव्हेटचे युग

१८५३ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला प्रचंड मागणी आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खामगावचा रेल्वे फाटा खुला झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव या घाटाखालच्या गावांना सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने परिचयाचे झाले. त्यांच्याबरोबर वाफेची इंजिने व बॉयलर आले.

बॉयलर, रेल्वेचा पूल, पाण्याची टाकी, इंजिनाची चौकट या सर्वांचे त्या काळातील सांधे रिव्हेटने जोडलेले असत. दोन पत्र्यांतील भोकात रिव्हेट घालायचा, त्याच्या तयार डोक्याला एका बाजूने डॉलीचा आधार द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला बाहेर राहिलेली दांडी ठोकून तिचे डोके बनवायचे, अशी ही पद्धत होती. गोल डोक्यासाठी दांडीची बाहेर राहिलेली लांबी रिव्हेटच्या व्यासाच्या साधारण दीडपट ठेवतात. म्हणजे १० मिलीमीटर व्यासाच्या रिव्हेटला सुमारे १५ मिलीमीटर. प्रथम सपाट तोंडाने सरळ ठोके देऊन दांडी भोकात फुगवली जाते. नंतर अर्धगोल पीनने कडेकडेने ठोकत ती चहूकडे सारखी पसरवली जाते. शेवटी स्नॅप ठेवून डोक्याला नीट आकार दिला जातो. एकाच हातोडीची दोन्ही टोके एका पाठोपाठ एक लागणारे हे काम आहे. गोल हातोडीचे रूप रिव्हेटच्या युगात कार्यशाळेत रुजले, त्याचे हे एक मोठे कारण होय. मोठ्या बॉयलरच्या व पुलांच्या रिव्हेटसाठी जड हातोडे आणि पुढे वाफेची व दाबहवेची यंत्रे आली. परंतु लहान रिव्हेट व पत्र्याचे काम हातातच राहिले.

येथे एक साम्य विशेष लक्षात घ्यावे लागते. मोठ्या कामातील रिव्हेट लाल तापवून बसवीत. थंड होताना तो आकसतो व पत्रे घट्ट आवळतो. बैलगाडीच्या धावेमागील तत्त्व नेमके हेच होते. रेल्वेच्या व कापसाच्या कारखान्यांत कामाला लागलेल्या लोहाराला म्हणूनच हे शास्त्र परके नव्हते. त्याची भाषा तेवढी परकी होती. ज्ञान त्याच्याकडे होते, परंतु कारखान्याच्या हजेरीपटावर त्याची नोंद मजूर म्हणून होण्याचीच शक्यता अधिक होती.

घाटावरच्या भागाची स्थिती मात्र वेगळी राहिली. मेहकर व सिंदखेडराजा परिसरात रेल्वे आली नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी ही जिल्ह्यातील जुनी मागणी आहे. परिणामी घाटाखाली यंत्रयुग आगगाडीने आले, तर घाटावर ते उशिरा आणि रस्त्याने आले. दुसरबीडसारख्या गावात घण आणि गोल हातोडी यांचा काळ एकमेकांत मिसळलेला दिसतो, तो याच कारणाने.

सुटा भाग आणि फिटर : जुळविण्याचा काळ

इंग्लंडमध्ये जेम्स नॅस्मिथ यांनी १८३९ मध्ये वाफेच्या हातोड्याची कल्पना मांडली व १८४२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यानंतर मोठ्या कारखान्यांत घणाचे काम यंत्राकडे जाऊ लागले. बाकावरची हातोडी मात्र यंत्राला घेता आली नाही. याचे कारण कामाच्या स्वरूपातच आहे. घण वस्तू घडवितो; बाकावरची हातोडी घडलेल्या वस्तू एकमेकींत बसविते. कारखान्यातून तयार भाग येऊ लागले, तसे घडविणाऱ्याचे काम कमी झाले आणि बसविणाऱ्याचे वाढले. या नव्या कारागिराचे 'फिटर' हे नावच मुळी बसविणारा, जुळविणारा असे सांगते.

महाराष्ट्रात या बदलाचे ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी केल्यानंतर त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान व पुढे शेती अवजारांचा कारखाना काढला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. लोखंडी नांगराने शेतीत जे केले ते सर्वज्ञात आहे. परंतु गावच्या भात्यावर त्याचा जो परिणाम झाला, त्याची चर्चा कमी झाली. लाकडी नांगराचा फाळ लोहार पाजवीत असे. लोखंडी नांगराचा झिजलेला भाग काढून त्या जागी नवा सुटा भाग बसविता येऊ लागला. भाता विझला नाही, पण त्याच्या शेजारी पाना, छिन्नी व गोल हातोडी येऊन बसली.

१८८७ मध्ये स्थापन झालेल्या त्या मुंबईच्या संस्थेचे नाव १९९७ मध्ये 'वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट' असे झाले. सिंदखेडराजाच्या कन्येचे नाव अशा रीतीने महाराष्ट्रातील एका जुन्या तंत्रशिक्षण संस्थेला लाभले, हा योगायोग या परिसरातील वाचकांना निश्चितच सुखावणारा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीचा विस्तार पुढे विदर्भातही झाला आणि दुसरबीड येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखान्यात गाळपाचा हंगाम संपला की दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. चरकाचे रूळ, साखळ्या, पंप, झडपा व बॉयलरच्या नळ्या उघडून, साफ करून पुन्हा बसविल्या जातात. शेतीप्रधान गावाच्या दृष्टीने अशा कारखान्याची कार्यशाळा ही फिटरकामाची शाळाच असते. हा कारखाना पुढे बंद पडला. परंतु अशा ठिकाणी शिकलेले हात सहसा वाया जात नाहीत. ते ट्रॅक्टर, मोटारपंप, मळणीयंत्र आणि मोटारगाड्यांच्या दुरुस्तीत कामी येतात.

कार्यशाळेतील उपयोग :

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेल्डिंगने रिव्हेटची जागा मोठ्या प्रमाणात घेतली. ज्या कामाने गोल हातोडीला कार्यशाळेत स्थान मिळवून दिले, ते काम असे मागे पडले. तरीही हातोडी गेली नाही. असे का झाले, याचे उत्तर तिच्या इतर उपयोगांत आहे.

खूण करणे : आखणी केलेल्या रेषेवर पंचाने ठिपके देण्यासाठी सुमारे २५० ग्रॅम वजनाची हलकी हातोडी वापरतात. ठोका हलका व सरळ नसेल तर खूण सरकते आणि पुढील सर्व मापे चुकतात.

छिन्नीकाम : धातूचा जादा भाग छिलण्यासाठी त्यापेक्षा जड हातोडी लागते. येथे सपाट तोंडाचाच उपयोग होतो. नजर छिन्नीच्या डोक्यावर नव्हे, तर धारेवर ठेवावी, हा या कामाचा पहिला पाठ असतो.

पसरविणे व सरळ करणे : वाकलेल्या पट्टीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूवर पीनने ठोके दिल्यास तेथील धातू ताणला जातो आणि पट्टी सरळ होऊ लागते. नुसते उलटे वाकविण्यापेक्षा हा उपाय सावकाश, पण हुकमी आहे. सैल झालेली पिन घट्ट करणे, पत्र्याला खोलगट आकार देणे ही कामेही याच तत्त्वावर होतात.

गॅसकेट कापणे : पंपाच्या किंवा इंजिनाच्या तोंडावर जाड कागद ठेवून कडेवर व भोकांवर गोल टोकाने हलके ठोकले की धातूच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो. भागाचा हुबेहूब आकार मिळतो. मापाची गरज उरत नाही. तालुक्याच्या गावी तयार गॅसकेट मिळेपर्यंत शेतातील पंप बंद ठेवणे परवडत नाही, तेव्हा या युक्तीचे मोल कळते.

आवाजावरून परीक्षा : रेल्वेत चाकांवर हातोडी मारून तडा ओळखण्याची पद्धत होती. अखंड धातू खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. कुंभाराकडून मडके घेताना आपण जे करतो, तेच हे परीक्षण होय.

या उपयोगांवरून असे दिसून येते की, गोल हातोडी एका विशिष्ट सांध्यासाठी रुजली असली तरी तिने दुरुस्तीच्या सर्व कामांत स्वतःला सामावून घेतले. उत्पादनाचे तंत्र बदलते, पण दुरुस्तीची गरज संपत नाही. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे रूढ झाली व पाठ्यपुस्तकातील हातोडी ग्रॅममध्ये मोजली जाऊ लागली. बोलण्यात मात्र 'एक पौंडी', 'दोन पौंडी' हे शब्द टिकून राहिले. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

शिक्षण, जात आणि प्रमाणपत्र :

बलुतेदारीत लोहारकाम जन्माने ठरत असे. मुलगा बापाकडून शिके; इतरांना ते शिकण्याची वाट नव्हती आणि लोहाराच्या मुलाला ते सोडण्याची वाट नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शाळांना उद्योगशिक्षणाची जोड देण्याची मागणी केली होती. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. दोघांच्या भूमिका भिन्न होत्या. पण हाताच्या कामाला शाळेत स्थान असावे, हा धागा समान आहे.

१९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा यांमुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे दार सर्व जातींच्या मुलांना उघडले. ही घटना सामाजिकदृष्ट्या मोठी आहे. ज्या हातोडीला पूर्वी एका जातीचाच हात लागे, ती आता फिटर अभ्यासक्रमाच्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या हाती आली. या दृष्टीने गोल हातोडी ही जातीच्या चौकटीतून सुटलेल्या कारागिरीची खूण मानता येईल.

परंतु याच बदलाची दुसरी बाजूही आहे. प्रमाणपत्र हे ज्ञानाचे एकमेव लक्षण ठरले, तेव्हा ज्यांच्याकडे ज्ञान होते पण प्रमाणपत्र नव्हते, ते अकुशल गणले गेले. धाव चढविणारा लोहार आणि घण घालणारी घिसाडी स्त्री यांना प्रशिक्षण संस्थेत शिक्षक म्हणून बोलावले गेले नाही. महाराष्ट्रात घिसाडी समाजाची नोंद भटक्या जमाती 'ब' या प्रवर्गात आहे. सामाजिक मागासलेपणाची ही नोंद आवश्यकच होती, परंतु त्यांच्या कौशल्याची नोंद त्याच तत्परतेने झाली नाही. घरातील घण स्त्रीने चालविला तरी कारागीर म्हणून नाव पुरुषाचेच राहिले.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत लोहार व 'हातोडा आणि अवजारसंच बनविणारा' यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. नोंदणीकृत कारागिरास प्रमाणपत्र, ओळखपत्र व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. हाताच्या ज्ञानाला उशिरा का होईना शासकीय नाव मिळाले, हे स्वागतार्ह आहे. तथापि केवळ अवजार देणे पुरेसे नाही. अवजार वापरणाऱ्याचे ज्ञान नोंदविणे व त्याला शिकविण्याचा अधिकार देणे हे त्याहून महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष :

१. घणाकडून गोल हातोडीकडे झालेला प्रवास हा घडविण्याकडून जुळविण्याकडे व दुरुस्तीकडे झालेला प्रवास आहे. सुटे भाग, रिव्हेटचे सांधे आणि यंत्रांचा प्रसार ही त्याची प्रमुख कारणे होत.

२. रिव्हेटचे युग मागे पडूनही गोल हातोडी टिकली. कारण धातू पसरविणे, सरळ करणे व भाग बसविणे या दुरुस्तीच्या गरजा कायम राहिल्या.

३. धाव चढविणे व मठारकाम यांवरून असे दिसते की, नव्या कार्यशाळेतील अनेक तत्त्वे पारंपरिक कारागिरांना आधीच अवगत होती. आधुनिक तंत्रज्ञानापुढे ते अज्ञानी होते, हा समज इतिहासाला धरून नाही.

४. तंत्रशिक्षणाने कारागिरीला जातीच्या बंधनातून मोकळे केले, ही त्याची मोठी देणगी होय. मात्र ज्यांनी हे ज्ञान पिढ्यानपिढ्या सांभाळले त्यांना, विशेषतः त्यांतील स्त्रियांना, ज्ञानवंत म्हणून मान्यता मिळाली नाही.

५. दुसरबीड परिसरातील लोहारशाळा, कारखान्यातील जुने कामगार व रस्त्याकडेचे कारागीर यांच्याकडील अवजारे, शब्द व कार्यपद्धती यांची नोंद महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून करून ठेवणे शक्य आहे. वखराची पास पाजविणारा शेवटचा हात थांबण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे. हातोडी लोखंडाची असल्याने मागे राहील. तिच्या ठोक्याचे ज्ञान मात्र माणसाबरोबर जाते.